ओलं सरपण : होतकरू खेळाडूची पारख कशी होते आणि कुठे चुकते



पत्रिकेवरचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला फाटकातच अडवलं. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि बोलणार क्रिकेटवर? हो, क्रिकेटवर. आमचं स्वतःचं क्रिकेट शाळेत दहाव्या-अकराव्या नंबरच्या वर कधी गेलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. तेव्हा बॅट कशी धरावी हे आम्ही सांगणार नाही. जन्मभर आम्ही एकच काम केलं. माणूस "हे असं आहे, म्हणून ते तसं होणार" असं म्हणतो, तेव्हा तो त्या "म्हणून"पर्यंत कोणत्या वाटेने आला हे तपासायचं. आज तेच करू.

निमित्त सांगतो. २८ एप्रिल २०२५ ला जयपूरला वैभव सूर्यवंशी या चौदा वर्षांच्या मुलाने आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकलं. त्या उन्हाळ्यात घराघरातल्या बापांची झोप उडाली. आमच्याकडे याच तालुक्यातले एक शेतकरी गृहस्थ आले. सोबत मुलगा, तेरा वर्षांचा. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली वर्तमानपत्राची कात्रणं, शाळांच्या स्पर्धेत दोन शतकं. मोठ्या शहरातल्या निवासी अकॅडमीत त्याला टाकायचं, शाळा बाहेरून करायची, आणि त्यासाठी दोन एकर गहाण टाकायची, इथपर्यंत त्यांचं ठरलेलं होतं. म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले मानूस. एकच सांगा. पोट्टं वर जाईन का नाही?"

आम्ही चहा मागवला. वेळ काढायला म्हणून मागवला, खोटं कशाला बोला.

कारण या प्रश्नाला आम्ही एकदा उत्तर देऊन बसलो आहोत. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कॉलेजात जिमखान्याची जबाबदारी आमच्याकडे होती. एका मुलाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ओळीने तीन सामने गाजवले. आम्ही त्याची हजेरी भरून दिली, वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि म्हणालो, तू रणजी खेळणार, लिहून घे. त्याने खरंच लिहून घेतलं असावं. तीन वर्षं तो परीक्षेला नीट बसला नाही. रणजी तर दूरच, विद्यापीठाच्या संघातही त्याची जागा पक्की झाली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. हसत हसतच म्हणाला, "सर, तुम्ही तं माही एकबी मॅच पाह्यली नव्हती." खरं होतं ते. आम्ही स्कोअर पाहिला होता, पेपरात.

तर आता त्या "म्हणून"कडे येऊ. आपल्या नैयायिकांनी यावर इतकं बारीक काम करून ठेवलं आहे की आजच्या निवड समित्यांनी ते वाचायला हरकत नाही. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान चोख. आता तेच उलटं करून पाहा. तिथे अग्नी आहे, म्हणून धूर असणार. वरवर सारखंच वाटतं, पण फसतं. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला अग्नीसोबत ओलं सरपण लागतं. जिथे जिथे धूर आहे तिथे ओलं सरपण आहेच, पण जिथे जिथे अग्नी आहे तिथे ते असेलच असं नाही. या लपून बसलेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. (विद्यापीठ देतं ती उपाधी वेगळी. ती आमच्याकडे आहे आणि तिचा या कामी फारसा उपयोग झालेला नाही.)

"हा मुलगा लहान गटात शतकं मारतो, म्हणून मोठ्या क्रिकेटमध्ये चालणार", हे अनुमान त्या दुसऱ्या जातीचं आहे. आग दिसते, धुराची खात्री आपण परस्पर देऊन टाकतो. सरपण कोणी बघतच नाही.

उदाहरणं महाराष्ट्रातलीच घेऊ. फेब्रुवारी १९८८, मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमचे दोन मुलगे सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी करतात. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. आकड्यांवरच पारख करायची तर त्या दिवशी कांबळी तेवीस धावांनी पुढे होते. आणि पुढेही ते मागे पडले असं म्हणता येत नाही. १९९३ मध्ये त्यांनी लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं केली. कसोटीतली सरासरी ५४.२०. पण कसोटी किती? सतरा. शेवटची १९९५ ला. कारणांवर बोलणारे पुष्कळ आहेत, आम्ही त्यात पडत नाही. आम्हाला दिसतं ते एवढंच, की ज्यांनी त्यांना "मोठा फलंदाज" म्हटलं त्यांचं गुणाविषयीचं मत बरोबर होतं आणि आयुष्याविषयीचं भाकीत चुकलं. एकाच वाक्यात ही दोन वेगळी विधानं दडलेली असतात, आणि आपण ती एका दमात बोलून जातो.

त्याच शारदाश्रमात अमोल मुझुमदार होते. त्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा, अशी त्यांची गोष्ट सांगतात. १९९३-९४ च्या मोसमात रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त. भारताकडून एकही सामना नाही. आता सांगा, इथे कोण चुकलं? मुझुमदार ज्या वर्षांत तयार होऊन उभे होते, त्या वर्षांत मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. जागाच नव्हती. २०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून हेच गृहस्थ मैदानात होते, ते पाहताना आम्हाला उगाचच बरं वाटलं. मुद्दा असा, की "वर जाणं" हा मुलाच्या एकट्याच्या अंगातला गुण नाही. वर जागा आहे का, हा प्रश्न त्यात असतोच, आणि तेरा वर्षांच्या मुलाकडे कितीही टक लावून पाहिलं तरी तो दिसत नाही.

दुसरं टोक बघा. जानेवारी २०१६, कल्याण. प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ केले. जगभर बातमी झाली. त्यांच्या संघाने तीन बाद १४६५ वर डाव सोडला. पण समोरच्या संघाचे आकडे कोणी वाचले का? ३१ आणि ५२. हजार धावा कोणाविरुद्ध झाल्या, ते या दोन आकड्यांत लिहिलेलं होतं. मुलाने काय चूक केली? काहीच नाही. समोर आलेले चेंडू त्याने मारले, एवढा वेळ उभं राहून मारले, हे साधं काम नाही. चूक आपली. एका दुपारीत आपण त्याला पुढचा तेंडुलकर करून टाकलं. मुंबई क्रिकेट संघटनेने शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा होईनात तेव्हा ती थांबवा, असं वडिलांनीच कळवलं. त्या घराच्या सचोटीला आम्ही नमस्कार करतो. पण असं पत्र लिहिण्याची वेळ एका बापावर आपल्या टाळ्यांनी आणली.

लहान गटातला खेळ नेमकं काय दाखवत नाही, ते आता बघू. ताशी ११० किलोमीटरने आलेला चेंडू बॅटपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो, १४० चा त्याहून कमी. फरक डोळा मिचकावण्याइतकाही नाही. पण त्या उरलेल्या वेळात चांगल्या नजरेचा मुलगा आपली चूक दुरुस्त करून घेतो. पाय हलला नाही तरी हात वेळेवर पोचतात. म्हणजे चूक असतेच, पण तिची शिक्षा होत नाही. शिक्षा होत नाही म्हणून ती चूक आहे हे ना मुलाला कळतं, ना बापाला, ना वर्तमानपत्राला. मुलगा जितका गुणी तितकी ही लपवाछपवी जास्त काळ चालते. मग एक दिवस वरच्या पायरीवर कोणीतरी त्याला ओळखतो, तीच एक जागा धरून मारा करतो, आणि दोन महिन्यांत सगळीकडे निरोप जातो. क्रिकेटमध्ये प्रत्येकजण कधी ना कधी असा सापडतो. सापडल्यावर तो काय करतो, हे आमच्या मते ओलं सरपण. जे कोणी वर टिकले त्या प्रत्येकात ते होतं. लहान गटात शतकं मारणाऱ्या प्रत्येकात ते असतं का? माहीत नाही, कारण तिथे कोणी सापडतच नाही!

यासाठी अमरावतीचंच उदाहरण आहे, तुम्हा सगळ्यांच्या माहितीतलं. जितेश शर्मा. त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे की डोक्यात सैन्यदलात जायचं होतं, आणि राज्य पातळीवर खेळलं की परीक्षेत जादा गुण मिळतात म्हणून क्रिकेटकडे वळले. २०१६ ला मुंबई इंडियन्सने घेतलं, खेळवलं नाही. त्यानंतर आयपीएलचा पहिला सामना मिळेपर्यंत २०२२ उजाडलं, तोही पंजाबकडून वीस लाखांच्या मूळ किमतीत. मधल्या वर्षांत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. सलामीला येणारा हा फलंदाज पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन शेवटची षटकं मारायला शिकला. म्हणजे जो खेळ येत होता तो बाजूला ठेवून ज्याची गरज होती तो खेळ शिकला, आणि तेही पंचविशी उलटून गेल्यावर. २०२३ मध्ये भारताकडून पदार्पण, २०२४ च्या लिलावात बंगळुरूने अकरा कोटींना घेतलं, आणि मे २०२५ मध्ये लखनौला कर्णधार म्हणून ३३ चेंडूंत नाबाद ८५. २०१६ साली कोणी त्यांच्याविषयी भाकीत केलं असतं तर कशावरून केलं असतं? जे पुढे कामी आलं ते तेव्हा तयारच झालेलं नव्हतं.

उमेश यादवांचं तर त्याहून नवल. नागपूरजवळच्या खापरखेड्याचे, वडील कोळसा खाणीत. पोलीस आणि सैन्याच्या भरतीत जमलं नाही. लेदरचा चेंडू हातात आला तो एकोणीस-वीसच्या वयात. २००८ ला विदर्भाकडून रणजी, २०११ ला कसोटी, विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत गेलेले पहिले. त्यांचं चौदा वर्षांखालचं, सोळा वर्षांखालचं रेकॉर्ड काय? नाहीच. कुठल्याच यादीत ते नाव नव्हतं.

आता अशा गोष्टी ऐकून कोणी म्हणेल, मग काय, कुणीही वर जाऊ शकतो! नाही हो. हीही एक फसगत आहे. उमेश यादवांची गोष्ट आपल्याला माहीत आहे, कारण ते पोचले. वीस वर्षांचे असताना टेनिस बॉल सोडून लेदर धरलेले आणि कुठेच न पोचलेले किती, त्यांची गोष्ट सांगायला कोणाला सभागृह देतात?

हा घोळ एकट्या आपला नाही. आमची एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत असते. तिच्यामुळे आम्हाला तिकडच्या फुटबॉलचा नाद लागला. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक जागा असते, हल्ल्याचा सूत्रधार म्हणा. चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंद, अंगावर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावून येतात, आणि तेवढ्यात कोणाकडे फेकायचा ते ठरवायचं. दरवर्षी कॉलेजातले हे खेळाडू धंदेवाईक संघ क्रमाने निवडून घेतात. निवडीआधी उंची मोजतात, हाताचा पंजा मोजतात, चाळीस यार्ड पळवतात. पूर्वी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिपरीक्षासुद्धा घेत. पैसा, यंत्रं, जाणकार, सगळं आहे. १९९८ मध्ये पहिला कोणता घ्यायचा यावर मोठा वाद झाला, पेटन मॅनिंग की रायन लीफ. मॅनिंग पहिले गेले, लीफ दुसरे. मॅनिंग त्या खेळातल्या थोरांत जाऊन बसले. लीफ यांची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपली. दोन वर्षांनी, २००० मध्ये, टॉम ब्रॅडी १९९ वे निवडले गेले. पळण्यात मंद, अंगाने किरकोळ. त्यांच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले होते. ब्रॅडींनी पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवलं.

तिकडेही दुखणं तेच. कॉलेजच्या खेळात चांगल्या संघाचे साथीदार इतके मोकळे सापडतात की उशिरा घेतलेला निर्णयही खपून जातो. वर गेल्यावर ती फट बंद होते. मोजपट्टीने पंजा मोजता येतो. फट बंद झाल्यावर तो माणूस काय करील, हे मोजायला पट्टी नाही.

म्हणून आम्हाला या क्षेत्रातल्या शब्दांविषयी तक्रार आहे. समालोचनात, क्रीडा पानांवर, निवड समितीच्या बोलण्यात तीन शब्द सतत येतात: क्लास, नैसर्गिक, टेंपरामेंट. शेवटचा घ्या. अमक्याकडे टेंपरामेंट आहे हे कशावरून? तो दडपणाखाली टिकला म्हणून. आणि टिकला का? टेंपरामेंट आहे म्हणून. झोप का येते, तर अफूत झोप आणणारी शक्ती आहे, असं सांगणाऱ्या वैद्याची फ्रेंच नाटककार मोलियेरने साडेतीनशे वर्षांपूर्वी टिंगल केली होती, तोच हा वैद्य. निकाल लागल्यावर निकालालाच दुसरं नाव द्यायचं आणि ते कारण म्हणून सांगायचं. "नैसर्गिक" तर त्याहून घातक. ज्या मुलाला तुम्ही नैसर्गिक म्हणता, तो सापडल्यावर त्याला वाटतं की आपल्यातलं निसर्गाने दिलेलं संपलं. शिकायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मग निवड करणाऱ्यांनी काय हातावर हात धरून बसायचं? तसं नाही. २००८ ला आयपीएल सुरू झाली तेव्हा एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातली मुलं वाटली गेली. दिल्लीची पाळी आधी होती, विराट कोहली दिल्लीचेच, आणि दिल्लीने प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. आज हसतात लोक. पण फलंदाज त्यांच्याकडे भरपूर होते, गोलंदाज हवा होता. त्या दिवशीच्या माहितीवर तो निर्णय शहाणपणाचा होता. निकाल उलटा लागला म्हणून निर्णय मूर्खपणाचा ठरत नाही, आणि आमच्यासारख्याचं भाकीत एखादवेळी खरं ठरलं असतं म्हणून ते शहाणपणाचंही झालं नसतं.

इथल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण खारपाणपट्ट्यात बसलो आहोत. विहिरीला पाणी आहे आणि ते पिकाला देता येत नाही. बियाण्याच्या पाकिटावर छापलेला उतारा वाचून भातकुलीत कोणी हिशेब करत नाही. हे वाण आपल्या जमिनीत, पावसाने ओढ दिली तर काय करतं, हे शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बघतात, आणि पहिल्या वर्षी सगळं शेत त्याच्याखाली घालत नाहीत. हाच माणूस मुलाच्या बाबतीत पाकीट वाचून दोन एकर गहाण टाकायला निघतो, याचं आम्हाला वाईट वाटतं.

विदर्भाच्या क्रिकेटचंही बघा ना. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा संघ, आणि साठ वर्षं आपण पाहुण्यांना गुण देणारे म्हणून ओळखले गेलो. जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून फैज फझलच्या संघाने करंडक आणला, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी वासिम जाफर मुंबईहून आले होते, त्यांना संपलेले म्हणत. रजनीश गुरबानी इंजिनियर. तिसऱ्या वेळी हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेतले, रणजीतला विक्रम. यातल्या कितींना तेराव्या वर्षी कोणी "पुढचा अमुक" म्हटलं होतं? आपल्या अकोल्याच्या अथर्व तायडेने कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्रिशतक केलं ते २०१८ च्या सुरुवातीला, एकोणीस वर्षांखालच्या गटात. त्यानंतर आठ मोसम तो पायरी पायरीने खेळतो आहे. त्रिशतकाने दार उघडलं असेल, पुढचं चालणं रोजचं आहे.

त्या गृहस्थांना आम्ही काय सांगितलं, हे विचारल्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही. पहिलं सांगितलं की वर जाईल की नाही हे आम्हाला सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगेल तो बहुधा फी घेणारा असेल. दुसरं, जमीन गहाण टाकू नका आणि दहावीपर्यंत शाळा सोडवू नका. जितेश शर्मांना बाविशीत पहिला करार मिळाला आणि खेळायला मिळालं ते अठ्ठावीसच्या वयात. तुमच्या मुलाची गाडी तेराव्या वर्षी सुटत नाही. तिसरं, अकॅडमी पाहायला जाल तेव्हा तिथल्या सरांना, माझा मुलगा किती मोठा होईल, असं विचारू नका. तुमच्याकडे जे मुलगे फसले, ते आज काय करतात, असं विचारा. उत्तर देताना ते कुठे पाहतात ते बघा.

मग आम्ही कात्रणं बाजूला ठेवून विचारलं, शेवटच्या तीन डावांत तो कसा आउट झाला? बाप गडबडला. शतकं पाठ होती त्यांना, हे नव्हतं. म्हणाले, झाला असंन कॅचबिच.

मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. खाली बघत म्हणाला, "दोनदा बोल्ड झालो सर. अंदर येनारा बॉल होता. पाय नाई निंगत माहा." आम्ही विचारलं, मग? तर म्हणाला, गोठ्याच्या भिंतीवर खडूने रेघ मारली आहे, लहान भाऊ पंधरा पावलांवरून ओला रबरी बॉल टाकतो, रोज शंभर. किती दिवस झाले? "दीड महिना. आता शंभरात तीस-पस्तीस सुटते. पयले साठ सुटत होते."

बापाला हे माहीत नव्हतं.